आईने नकाशावर ओढलेली रेघ

कांजूरमार्गला आमच्या चाळीत दर पावसाळ्यात पाणी शिरायचं. नव्या गटाराचा आराखडा दाखवायला वॉर्ड ऑफिसने रहिवाशांना बोलावलं, तेव्हा मी आईला घेऊन गेलो. इंजिनीयर नकाशा समजावत होते. आई मध्येच नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "सायबानु, पाणी हयसून येना नाय. शाळेच्या पाठसून येता."

मी ओशाळून तिचा हात दाबला. इंजिनीयरने मात्र तिच्यापुढे पेन धरलं. "मावशी, तुम्हीच दाखवा."

तिसरी शिकलेल्या माझ्या आईने सरकारी नकाशावर सावकाश रेघ ओढली. मी तर तिच्याकडे बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी इंजिनीयर तिच्यासोबत शाळेमागे जाऊन सगळं बघून आले. गटार तिथूनच गेलं. यंदा घर कोरडं राहिलं. पाणी कुठून येतं, हे इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.