लूर्दच्या मायबाईची ओटी

आमच्या शेजारच्या नर्सबाईंइतकं हक्कानं देवाला दटावणारं माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरं नसेल. कळंबच्या सरकारी जनाना दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी शाळेत उर्दू शिकवणारा मास्तर. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, तीही मातीची, त्यामुळं त्यांची सकाळची प्रार्थना मला आयती पाठ झाली होती. प्रार्थना कसली, झाडाझडतीच ती! कोनाड्यात मरियमेची तसबीर होती. तिला त्या मायबाई म्हणत आणि दुसऱ्या पाळीला असलेल्या नर्सशी बोलावं तसं तिच्याशी बोलत. "सुताराच्या सुनंला दोन दिस वेणा? तू बी बाईमाणूसच न्हवं का? काय जिवाला लाज?" एवढं सुनावून झालं की छातीवर क्रूसाची खूण करत आणि छत्री घेऊन कामाला निघत.

छत्री बाराही महिने हातात. पावसाशी तिचा फारसा संबंध नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करणाऱ्या सासवांना बाहेर काढायला ती लागे. घरातलं घड्याळ अर्धा तास पुढं लावलेलं, कारण "पोर काय आपली वाट बघत बसतंय व्हय?" पण सगळ्यांत मोठी खोड म्हणजे आपल्या हातून जन्मलेल्या प्रत्येक पोराला त्या परस्पर एखाद्या संताचं नाव देऊन वहीत टिपून ठेवत. आमच्या गल्लीतल्या लिंगायत आडत्याचा बसप्पा त्यांच्या वहीत जोसेफ होता. एकदा भर बाजारात त्यांनी त्याला "ए जोसेफ, नाक पूस!" म्हणून हाक मारली. आडत्यानं घटकाभर विचार केला आणि म्हणाला, "नाव काय बी ठिवा बाई, नाक तेवढं पुसतंय का बघा." बाईंवर रागवायची कळंबात कुणाची प्राज्ञा नव्हती. रागावणाऱ्याला बहुधा त्यांनीच जन्मल्या जन्मल्या उलटा धरून रडवलेला असे.

बाई मूळच्या वैजापूरकडच्या. तिकडं लहानपणी एका फ्रेंच पाद्रीबाबांनी त्यांना लूर्दची गोष्ट सांगितली होती. फ्रान्समध्ये एका डोंगराच्या गुहेपाशी मायबाईनं एका गरीब मुलीला दर्शन दिलं, आणि तिथल्या झऱ्याचं पाणी अंगावर घेतलं की दुखणी जातात. तिथं एकदा जायचंच, असं बाईंनी मनाशी ठरवलं, ट्रंक भरली, आणि नेमकी लढाई पेटली. बोटी बंद झाल्या. "जर्मनाला हीच येळ घावली!" म्हणून त्यांनी ती लढाई जातीनं मनावर घेतली, पण ट्रंक काही रिकामी केली नाही. ती सहा वर्षं तशीच भरलेली राहिली आणि बाई प्रवासाची तालीम करत राहिल्या. बोट लागू नये म्हणून बैलगाडीत उलट्या तोंडानं बसून येरमाळ्यापर्यंत जाऊन येत. तिकडं भाकरी मिळायची नाही म्हणून महिनाभर कोरडा पाव खाल्ला, तोही बार्शीहून येता येता दगड झालेला. झऱ्याचं पाणी बर्फासारखं असतं असं कळल्यावर ऐन पौषात गार पाण्यानं अंघोळ सुरू झाली, आणि प्रत्येक तांब्याला त्या मायबाईच्या नावानं अशी आरोळी ठोकत की माझी म्हैस दूध चोरायला लागली.

मला वाटे, ही नुसती हौस आहे. एकदा त्या आमच्याकडं चहाला बसल्या असताना त्यांच्या हातातला कप बशीवर टकटक वाजू लागला. माझं लक्ष गेलंय हे दिसताच त्यांनी कप ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"मास्तर, कुणापाशी बोलू नका. डाक्तरला कळलं तर घरी बसवतील. हातच गेले तर म्या कोन राहिले? मायबाईकडं एवढंच मागायला जायचंय."

त्या दिवसापासून परदेशी जाण्याच्या त्यांच्या अर्जांचं उर्दू मी जरा जास्त मन लावून लिहू लागलो. लढाई संपल्यावर पुढच्या वर्षी परवानगी आली. मुंबईहून यात्रेकरूंचा एक जथा निघणार होता, त्यात बाईंना जागा मिळाली.

आता आपल्याकडं कुणी देवीला निघालं की शेजारपाजारच्या बायका आपली ओटी त्याच्याबरोबर पाठवतात. ती देवी तुळजापूरची की फ्रान्सची, याची चौकशी कळंबच्या बायकांनी केली नाही. ज्या घरात बाईंनी पाऊल टाकलं होतं, त्या प्रत्येक घरातून खण आला. नारळ बोटीत कुजतील म्हणून बाईंनी परत केले. हळदीकुंकवालाही त्या नको म्हणाल्या, "आमच्यात कुंकू चालत न्हाय ओ." त्यावर आडत्याची म्हातारी म्हणाली, "तुमच्यात नसंल चालत. तिला का चालू नये? नवरा हाय, मांडीवर लेकरू हाय!" बाईंनी पुड्या ट्रंकेत टाकल्या. चाळीस खण झाले. कुणाचं गाऱ्हाणं कुठलं हे विसरायला नको म्हणून मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि बाईंनी एकेक चिठ्ठी एकेका खणाला टाचली.

मी त्यांना मोटारीनं बार्शी स्टेशनापर्यंत पोचवायला निघालो. वाटेत निजामाची हद्द संपते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. ट्रंक उघडल्याबरोबर तिथल्या अंमलदाराचे डोळे चमकले. चाळीस कोरे खण!

"क्या अम्मा, दुकान लगाने को जारे क्या?"

"दुकान कशाचं? मायबाईची ओटी हाय ती!" असं म्हणून बाईंनी पहिली चिठ्ठी उलगडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुणाच्या पोटात गोळा, कुणाचा नवरा परागंदा, कुणाला पाचवी मुलगी. मोटार खोळंबली, उतारू खाली उतरून ऐकू लागले. मी मधल्या मधे अंमलदारांना उर्दूत समजावलं की या हजरत ईसांच्या आईच्या यात्रेला निघाल्यात. ते एकदम उभेच राहिले.

"बीबी मरियम के पास जारे? पैले बोलना था ना अम्मा."

ट्रंक त्यांनी स्वतः बंद केली. मग मला बाजूला घेऊन खणाऐवजी म्हणून खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून दिला. त्यांची मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी तिथंच एक्केचाळिसावी चिठ्ठी लिहिली.

बाई चार महिन्यांनी परतल्या. बायकांनी काशीहून आलेल्याचे धुवावेत तसे त्यांचे पाय धुतले, आणि बाईंनी लूर्दची हकिकत सांगितली. गुहेपाशी खणांचा ढीग बघून तिथले लोक गोंधळले. बाईंना फ्रेंच येत नव्हतं आणि त्यांना मराठी. शेवटी मठातली एक म्हातारी सिस्टर पुढं आली. "तिला काय समजलं देव जाणे. पदर न्हवता तिला, तर एप्रन पसरला दोनी हातांनी. म्या समदं तिच्यात घातलं. मायबाईची ओटी भरली गं बायांनो!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

सगळ्या गेल्यावर मी हातांचं विचारलं.

"राहिलंच की ओ," बाई म्हणाल्या. "एक्केचाळीस जनांचं सांगता सांगता माझी येळ सरली. मागच्यांना जागा द्या म्हनले."

"मग दुसऱ्या दिवशी जायचं होतंत!"

"गेले की. तवा ध्यानात आलं, सुताराच्या सुनंनं चिठ्ठीत दोन गोष्टी लिहवल्या होत्या, म्या एकच सांगितली. मग तिची दुसरी सांगितली. हात झऱ्यात बुडवले, पर न मागता कसं देईल ती? तिला बी शंभर कामं."

मला संताप आला. बाईंचा नव्हे, माझाच. कळंबभर सगळ्यांची गाऱ्हाणी मी लिहिली, अनोळखी अंमलदाराचंही लिहिलं, आणि हातांची गोष्ट ठाऊक असलेला सबंध गावात मी एकटा. बाईंच्या नावाची एक चिठ्ठी लिहावी हे मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी हातांचं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि बाईंची नोकरी संपली. त्या वैजापूरला गेल्या नाहीत. गावानं जाऊच दिलं नाही. नवी नर्स आली, पण बायका तिला बजावत, काम तू कर, मात्र बाई जवळ बसल्या पाहिजेत. माझ्या बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी भर दुपारी मी दवाखान्याच्या दाराबाहेर येरझारा घालत होतो. दार थोडं उघडं राहिलं होतं. बाई खाटेशेजारी स्टुलावर बसून नव्या नर्सला एकेक गोष्ट सांगत होत्या, आणि माझ्या बायकोनं त्यांचा हात कचकचून धरला होता. तो हात अगदी स्थिर होता. कळ ओसरली, बायकोची पकड सुटली, तसा तो पुन्हा थरथरू लागला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि पुढची कळ यायच्या आत तो पुन्हा तिच्या हातात दिला.