मामांचं काचेचं कपाट

माणसाच्या पोटात काय काय जाऊ शकतं हे ज्याला ऐकायचं असेल त्याने मामांना गाठावं, असं त्या दवाखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मामा म्हणजे दुर्बिणीच्या खोलीतले मदतनीस. घशातून लांब काळी नळी आत घालून डॉक्टर पोट बघतात ना, ती नळी धुणं, पुसणं, टांगून ठेवणं, आणि डॉक्टरांनी हात पुढे केला की हवा तो चिमटा त्या हातात देणं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं केलं. नळीला कधी ओरखडा पडू दिला नाही. माणूस गोड, हात चोख, फक्त जिभेला हाड नाही.

खोलीच्या कोपऱ्यातलं काचेचं कपाट हे मामांचं वैभव. लोकांच्या घशातून, पोटातून निघालेली प्रत्येक वस्तू ते स्वच्छ धुऊन छोट्या बाटलीत ठेवत आणि वर चिठ्ठी डकवत. शिंपी, वय बावन्न, टाचणी. शाळेतल्या बाई, वय चाळीस, पेनाचं टोपण. अशा एक्केचाळीस बाटल्या. नाव लिहायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. पण ‘क्लॅरिनेटवाला, वय चौतीस, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी’ असं लिहिल्यावर नाव लिहायचं राहिलं कुठे? त्या भागात क्लॅरिनेट वाजवणारा तो एकटाच. मामा समोरून येताना दिसले की तो बिचारा रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मामांना वाटे, घाईत असेल.

आणि गोष्टी काय दवाखान्यातच राहत होत्या होय? संध्याकाळी हातपाय धुऊन मामा जेवायला बसले की दिवसभरात कोणी काय गिळलं ते तिखटमीठ लावून बाहेर पडे. ऐकायला मामी. दवाखान्यातले लोक मामांच्या बायकोला मामीच म्हणत. मामी हसत, पण तोंडावर हात ठेवून. पाहुण्यांना मामा कौतुकाने सांगत, इतकी वर्षं झाली लग्नाला, आमची ही अजून लाजते बघा. मामी त्यावरही तसंच हसत.

त्या रविवारी दुपारी मामांचा धाकटा भाऊ आणि भावजय जेवायला होते. मामांनी ठेवणीतली गोष्ट काढली. एका निवृत्त हेडक्लार्कची कवळी हरवली. गृहस्थाने घर डोक्यावर घेतलं, सून मुद्दाम कचऱ्यात टाकते म्हणून तिला वाटेल ते बोलला, ती रडत माहेरी गेली. आणि चार दिवसांनी कवळी सापडली कुठे, तर ह्याच्याच अन्ननलिकेत. मामांनी गाल आत ओढले, ओठ दुमडले आणि बोळक्या तोंडाचा हेडक्लार्क सुनेची माफी कशी मागतो ते करून दाखवलं. धाकटा भाऊ पोट धरधरून हसला. मामीही हसल्या. एका हातात पाण्याचा पेला, जेवणानंतरची गोळी नुकतीच तोंडात टाकलेली, दुसरा हात तोंडावर. हसता हसता त्या थांबल्या, पेला खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठसका लागला म्हणाल्या. मामांनी तोवर पुढची गोष्ट सुरू केली होती.

संध्याकाळी मामी म्हणाल्या की गोळी घशात अडकल्यासारखी वाटते. दुसरं कोणी असतं तर मामांनी ताबडतोब बजावलं असतं: अडकलंय असं वाटलं तर वरून काही ढकलायचं नाही, काही खायचं नाही, उठायचं आणि दवाखान्यात यायचं. हे वाक्य त्यांनी हजार लोकांना तरी ऐकवलं असेल. पण घरच्या माणसाला नियम कुठले? मामांनी केळं सोलून पुढे केलं.

“गोळीच आहे ना? का माझ्या कपाटासाठी काही गिळलंस?” त्यांनी विचारलं.

मामींनी मान हलवली आणि निमूटपणे अर्धं केळं खाल्लं. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मामांनी तेही कामावर सांगितलं, आमच्या हिच्या घशात गोळीने मुक्काम केलाय म्हणून. सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामींना स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना. टॉवेल तोंडाशी धरून बसल्या होत्या, अंग तापलं होतं, आणि कुठे दुखतं विचारलं की गळ्याखालच्या एकाच जागी बोट ठेवत होत्या. अशी एका जागी ठेवलेली बोटं मामांनी सव्वीस वर्षं पाहिली होती; खरंच काही रुतलेलं असलं की माणूस असंच दाखवतो. आता मात्र त्यांनी धावत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात फोटो काढला, तो स्वच्छ आला. मॅडम, म्हणजे त्या खोलीच्या मोठ्या डॉक्टर, म्हणाल्या की फोटोत धातू दिसतो, बाकीचं दिसेलच असं नाही, आपण आत बघू. सिस्टर कागद घेऊन नेहमीचे प्रश्न विचारायला आली. दम्याचा त्रास आहे का, कुठलं औषध सोसत नाही का, तोंडात कवळी आहे का. यातला शेवटचा प्रश्न एरवी मामाच विचारत. कवळी असेल तर काढून द्या, असं म्हणत रोज वीस जणांपुढे डबी धरत.

“तिला काय विचारता? कवळीबिवळी काही नाही,” मामा म्हणाले. “मी सांगतो ना.”

मामींनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी बॅटरी घेऊन त्यांना तोंड उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं, आणि मग मान न वळवता म्हणाल्या की मामा, तुम्ही बाहेर थांबा.

बाहेर? मामांना आधी समजलंच नाही. मी इथलाच आहे, नळी मीच देणार, वगैरे ते बोलू लागले, पण सिस्टरने दार लोटून घेतलं. दाराबाहेर नातेवाइकांसाठी एक बाक होता, एक पाय आखूड असलेला. बसा, काळजी करू नका, असं मामा त्या बाकावरच्या लोकांना रोज सांगत. स्वतः त्यावर आज पहिल्यांदा बसले. बाक डुगडुगला.

दहा मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि सिस्टरने विचारलं, “मामा, रबरी टोपी कुठे ठेवलीय? आणि मोठी जाळी?”

मामांनी उठून दाराबाहेरच्या कपाटाच्या खणातून दोन्ही काढलं, आणि देता देता ते थांबले. ती टोपी नळीच्या टोकाला लावतात ती धारदार वस्तू बाहेर काढतानाच, वाटेत घसा फाटू नये म्हणून. गोळीसाठी टोपी कोणी मागत नाही. म्हणजे आत काहीतरी टोकदार होतं. म्हणजे ते काय आहे हे आतल्या सगळ्यांना कळलं होतं. मामींनी सांगितलं होतं, पण त्यांना नाही.

“काय गिळलंय तिने?” त्यांनी विचारलं.

सिस्टरने दार पाठीमागे ओढून घेतलं. मामांच्या हाताखाली शिकलेली पोर होती ती.

“तुम्हाला सांगू नका असं म्हणाल्यात,” ती म्हणाली. “मॅडमकडून वचन घेतलंय. म्हणाल्या, तरच भूल घेईन.”

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर ज्यांनी ज्यांनी दार बंद करून, कुजबुजून, मान खाली घालून काय गिळलं ते सांगितलं होतं, ते सगळे त्या डुगडुगत्या बाकावर शेजारी येऊन बसल्यासारखे वाटले. शाळेतल्या बाईंनी तर हात जोडले होते, कोणाला कळू देऊ नका म्हणून. मामा हो म्हणाले होते आणि तिसऱ्या दिवशी टोपणाची चिठ्ठी लिहिली होती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा घामाघूम होत्या. निघालं, म्हणाल्या. पण तीन दिवस रुतून बसलं होतं, अन्ननलिकेला चीर पडलीय, त्यात वर केळ्याचा लगदा. सात दिवस तोंडाने पाण्याचा थेंबही नाही, सगळं सलाइनमधून. चीर आपोआप मिटली तर ठीक, छातीत पू झाला तर मोठं ऑपरेशन, आणि मग कशाचीच खात्री नाही. केळं कोणी दिलं हे त्यांनी विचारलं नाही. मामांनीच सांगितलं.

आत मोरीपाशी सिस्टर पाठमोरी उभी राहून काहीतरी धूत होती. सव्वीस वर्षं ते काम मामांचं होतं. तिने ते पांढऱ्या कापडात गुंडाळून डबीत ठेवलं, तेव्हा मामांनी आपणहून तोंड फिरवलं. पण डबी त्यांनी ओळखली होती. रोज वीस जणांपुढे धरायची तीच ती. आणि मग रविवारची दुपार, तो पेला, ते अर्धवट थांबलेलं हसू, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. ज्या क्षणी ते गाल आत ओढून हेडक्लार्क झाले होते, त्याच क्षणी ती कवळी बायकोच्या घशात उतरली होती.

सात दिवस मामा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. ताप मोजत होते, ओठांना ओला कापूस लावत होते. दुसऱ्या दिवशी ताप वाढला तेव्हा ते संडासात जाऊन रडले. चौथ्या दिवशी उतरू लागला. सातव्या दिवशी पांढरं औषध पाजून फोटो काढला, आणि कुठेही गळती नाही असं मॅडमनी सांगितलं. मामी वाचल्या होत्या.

पाण्याचा पहिला घोट जपून गिळल्यावर मामींनी विचारलं, “कोणाकोणाला सांगितलंत?”

“कोणालाच नाही.”

“सांगाल.” रागाने नाही, उद्या सोमवार आहे म्हणावं तसं म्हणाल्या.

मग थोडं थोडं करून त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून सुळ्यामागचे वरचे दोन दात पडले, तेव्हा मामा लांबच्या लग्नाला गेले होते. ते परत येईपर्यंत त्यांनी छोटी कवळी बसवून घेतली. मामा घोरू लागले की काढायची, ते उठायच्या आत लावायची, शिवणाच्या डब्यात दोऱ्यांखाली लपवायची. महिनाभर ती सैल झाली होती, पण त्या रविवारपर्यंत मामा रजेवर घरीच होते, दातांच्या डॉक्टरकडे जाणार कशा?

“अगं, पण मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?” मामांनी विचारलं.

“तुम्ही करून दाखवलं असतंत,” मामी म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

मामांना तोंड लपवायला जागा उरली नाही. अकरा वर्षं समोरासमोर बसून जेवले. रोज वीस अनोळखी तोंडांत बघत होते आणि घरातल्या एका तोंडावरचा हात त्यांना लाज वाटला होता. लाज कसली, पहारा होता तो, आणि तोही त्यांच्यापासून.

पुढच्या आठवड्यात मामांनी मॅडमना विचारून कपाट उघडलं. बाटल्या शिकाऊ डॉक्टरांच्या उपयोगाच्या, त्या राहिल्या. चिठ्ठ्या मात्र त्यांनी गरम पाण्यात भिजवून, नखाने खरवडून काढल्या आणि नव्या लावल्या. टाचणी. टोपण. पट्टी. बस्स. क्लॅरिनेटवाल्याची माफी मागायला म्हणून ते एकदा भररस्त्यात हात जोडून पुढे झाले, तर तो पुन्हा रस्ता ओलांडून गेला. ह्या वेळी मामांना तो घाईत वाटला नाही.

कित्येक महिने गेले. एका रविवारी धाकटा भाऊ आणि भावजय पुन्हा जेवायला आले. भावाने आल्या आल्या फर्माईश केली की दादा, काढ एखादी. मामा म्हणाले, हल्ली लोक काही गिळतच नाहीत रे. मग भावजयच बोलत सुटली, स्वतःचीच फजिती, दुसऱ्याच्या चपला घालून बँकेत कशी गेले आणि चपलांची मालकीण रांगेत नेमकी मागेच कशी उभी होती ते. मामींना हसू आलं आणि हात उचलून तोंडाकडे गेला. नवी कवळी घट्ट बसत होती, मामांना सगळं ठाऊक होतं, तरी हात गेलाच. मग मामींनी बोटांच्या वरून एकदा मामांकडे बघितलं.

मामा उठले. पाणी आणतो म्हणाले आणि रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. भावजयीचा आवाज पुढे चालू राहिला, आणि मग मामी हसल्या. मोकळं, मोठ्याने, मधेच श्वास घेऊन पुन्हा. असं हसू मामांनी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. तांब्या केव्हाच भरला होता. नळ बंद करून ते तिथेच उभे राहिले, बाहेरचं हसू थांबेपर्यंत.