होडीची डावी कड

आमच्या धरणात जाळं टाकायचा एक नियम होता. ज्याचं शेत जिथं बुडालं, तिथलं पाणी त्याचं. बाहेरच्या माणसाला सगळं पाणी सारखंच दिसायचं, पण आमच्या लोकांना खालचे बांध पाठ होते. अलीकडची डोंगराची सोंड आणि पलीकडची घळ एका रेषेत आली की माणूस सांगायचा, इथं अमक्याचं शेत संपलं, इथून तमक्याचं सुरू. मासेमारीचा परवाना सगळ्यांचा मिळून एकच होता. तरी दुसऱ्याच्या शेतावर जाळं टाकणं म्हणजे त्याच्या उभ्या पिकात गुरं सोडण्यासारखं होतं. कुणी तसं केलंच, तर त्याला सगळ्यांआधी सुनवायचे ते आमचे मालक, म्हणजे माझा नवरा.

या नियमात आमचंच नुकसान होतं. आमचं शेत उतारावर, वरच्या अंगाला. कालव्याला पाणी सुटलं की धरण उतरायला लागायचं आणि माघात आमचं शेत उघडं पडायचं. भेगाळलेला चिखल, त्यात शिंपले. पुढं पावसाळ्यापर्यंत मालक दुसऱ्यांच्या पाण्यात गडी म्हणून जायचे. तळाला ज्यांची शेतं होती त्यांना बारा महिने पाणी. माझं माहेर त्यातलंच.

होडी कुणाकडेच नव्हती. सगळे ट्रकच्या ट्यूबवर बसायचे. ट्यूबच्या पोकळीत दोरी विणायची, तिच्यात बूड टेकवायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि हातातल्या दोन फळ्यांनी पाणी कापत जायचं. थंडीतही पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत पाय पाण्यातच. दोन हजार सालाच्या आसपास मालकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मग शेजारच्या बोटाला जखम झाली, ती भरेना. मंचरला दाखवलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "बिडी किती ओढता?"

"मोजली न्हाई कधी."

"ती आजपासून बंद. आणि गार पाण्यात पाय घालायचा नाही. पायाला रक्त पुरत नाहीये. आधी बोटं जातील, मग पाय."

मालकांनी बिडीचा कट्टा दवाखान्याच्या दारातच टाकून दिला. एस.टी.ला घाट लागल्यावर म्हणाले, "बिडी सोडली. पाणी कसं सोडू?"

त्यांना दुसरं काम येत नव्हतं असं नाही. पण मंचरच्या बाजारात कांद्याची गोणी उचलायलाही पाय लागतात. बदली जमीन आम्हाला मिळाली नव्हती. मी अंगणवाडीत होते, त्यावर घर चालत नव्हतं. मी कामं उतरत्या क्रमानं लावणारी बाई आहे. पहिलं काम मला स्पष्ट दिसत होतं. पाय कोरडा ठेवून मासे धरायचे. म्हणजे होडी पाहिजे.

होडीचा आणखी एक फायदा होता. नदीचं जुनं पात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हतं. तिथं खोल पाणी, दुपारी घाटाकडून वारा सुटायचा, म्हणून ट्यूबवाले जायचे नाहीत. होडीवाल्याला मात्र नदी मोकळी होती. आमचं शेत उघडं पडलं तरी आम्हाला पाणी राहणार होतं.

जुन्नरच्या बाजूला एका तळ्यावर सहलीच्या लोकांसाठी होड्या ठेवल्या होत्या. तो धंदा बसला आणि धंदेवाल्यानं सामान विकायला काढलं. ॲल्युमिनियमची एक चार माणसांची होडी शेडमागं पालथी पडलेली, तिच्याखाली कोंबड्या निजायच्या. माझ्या कानातलं मोडून आम्ही ती घेतली आणि टोमॅटोच्या रिकाम्या पिकअपमधून मंचरला आणली. हायवेच्या कडेला कांदाचाळींचे सांगाडे करणारा एक फॅब्रिकेटर होता. त्यानं होडीभोवती एक चक्कर मारली.

"पावणं, भाकरीचा तवा हाय का ह्यो?"

"तुझ्या पोटाला पुरंल का बघ," मालक म्हणाले.

"वेल्डिंग न्हाई व्हायचं. माझा रॉड लागला की भोक पडंल. रिव्हेट मारू. काय काय करायचंय?"

ते मी सांगितलं. मधली बसायची फळी काढायची. तिथं भंगारातल्या टेम्पोचं पाठीचं सीट बसवायचं, पण तळाला टेकेल इतकं खाली. उजवा पाय लांब सोडता यावा म्हणून पुढं उशी बांधलेली फळी. नाकाकडे माशांसाठी झाकणाचा कप्पा. पुढच्या-मागच्या फळ्यांखालचं थर्माकोल तसंच ठेवायचं. एवढं झाल्यावर मालकांनी त्यांचं काम सांगितलं. डावी कड वीतभर कापायची.

फॅब्रिकेटर माझ्याकडं बघायला लागला. "वहिनी, कापली तर लाट आत येईल की ओ."

मालक सीटच्या जागी तळावर बसले, पाय लांब केला आणि कडेवरून हात खाली सोडला. बोटं पाण्यापर्यंत पोचली नसती. "मला उभं राहता येत न्हाई आन वाकता येत न्हाई," ते म्हणाले. "जाळं बसून वढायचंय. ट्यूबात तर पाणी मांडीला लागतं. बुडलो का आजवर?"

"ट्यूबात हवा असती, राव."

"हितं मी हाय. काप."

कड कापली. धारेवर पीव्हीसीचा पाइप उभा चिरून बसवला, म्हणजे जाळं फाटणार नाही. होडीच्या अंगावर पर्यटकांसाठी रंगानं काढलेलं बदक होतं, ते खरवडायला वेळ नव्हता.

पहिला उन्हाळा चांगला गेला. मालक पहाटे निघायचे आणि वारा सुटायच्या आत परत यायचे. त्यात कधी कसूर केली नाही. नदीत कटला मोठा लागायचा, वामही मिळायची. पाय कोरड्या फडक्यात गुंडाळलेला, फळीवर. मी रोज संध्याकाळी जखम बघायची. चैत्रात तिच्या कडेनं नवी कातडी धरली. माझ्या यादीत जी चिंता पहिली होती ती खाली सरकली आणि छपराचे पत्रे वर आले.

मासे तोलायला सगळे एकाच काठावर जमायचे. पावसाच्या तोंडावर तिथंच बैठक बसली. मी अंगणवाडी सुटल्यावर गेले तेव्हा भावकीतले थोरले काका बोलत होते.

"नदी कुणाची न्हाई, हे खरं. पण मासा नदीतच राहतो का? रातभर आमच्या शेतावर चरतो आन सकाळी तुझ्या जाळ्यात. गाव व्हतं तवा कसं व्हतं? ज्याच्या शेताम्होरं नदी, त्याचंच पाणी उपसायचं इंजिन, त्याचाच डोह. दुसऱ्यानं तिथं पाइप टाकला व्हता का कधी?"

"बदकावर बसून समदी नदी फिरतोय गडी," मागून कुणीतरी म्हणालं आणि हसू उठलं.

मालक हसले नाहीत. पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काका म्हणतात ते बरोबर हाय. इंजिनाचं तसंच व्हतं."

घरी आल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "तुम्ही हो कसं म्हणालात? आपलं शेत नदीला कुठं लागत होतं?"

"न्हाईच लागत."

"मग?"

"आजवर मीच समद्यांना नियम सांगत आलो. आता माझ्या पायासाठी त्यो इसरू का?"

"इसरा की! पाय कुणाचा आहे?"

मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. आईवडील नव्हते, धाकटा भाऊ होता. आमचं माहेरचं शेत थेट नदीच्या काठाला होतं, म्हणजे नव्या हिशेबानं तिथली नदीही त्याची झाली होती. भावजयीनं चहा ठेवला. मी सरळ विषय काढला.

"अरे, तुझ्या पाण्याचा एक कोपरा दे. मी पण त्याच शेतात कांदा खुरपलाय."

"ताई, मोबदल्याच्या टायमाला तू हक्क सोडलास."

"जमिनीचा. पाणी तेव्हा नव्हतंच."

"मंग नव्हतं त्ये आता कशाला मागतीस?" तो म्हणाला. भावजय आतून खोकली, तसा त्यानं आवाज खाली आणला. "तुला कोपरा दिला तर उद्या आत्याची पोरं येतील. आसं कर. होडी माझ्या पाण्यात आण. वल्ही मी मारतो, दाजींनी जाळं वढावं. निम्मं निम्मं."

आम्ही कबूल झालो. भाऊ वाईट नव्हता. वाटा कधी कमी दिला नाही, पाऊस पडला तर दाजींच्या पायावर स्वतःचं इरलं टाकायचा. पण तो अंगानं भारी आणि उभं राहून वल्हवायचा. तो डावीकडं झुकला की कापलेल्या कडेवरून पाणी आत यायचं. एकदा जाळं जड झालं, निघायला उशीर झाला आणि दोघं वाऱ्यात सापडले. मालक बसल्याजागी डब्यानं पाणी उपसत होते आणि भाऊ वल्ही ओढत होता. काठाला लागल्यावर त्यानं वल्ही खाली टाकली.

"दाजी, माझी दोन ल्हान पोरं हायेत. कड वर घ्यायला लागंल."

"घे," मालक म्हणाले.

तो होडी मंचरला घेऊन गेला. त्याच फॅब्रिकेटरनं कापल्या जागी नवी पट्टी रिव्हेट करून आणली. सीटही वर उचललं. पुढच्या खेपेला मालकांनी गुडघ्यावर उभं राहून जाळं ओढून पाहिलं. उजवा पाय अंगाखाली दुमडावा लागला. आठवड्याभरात जखम उघडली. मग भावानं दुसरा गडी घेतला. होडीचा म्हणून चौथा हिस्सा तो न चुकता पाठवायचा. मालक तो घ्यायचे आणि दिवसभर ओसरीवर जाळी विणत बसायचे.

पावसाळ्यात धरण भरलं, आमच्या शेतावर पाणी चढलं. एका सकाळी मी उठले तर ते माळ्यावरची ट्यूब खाली ओढत होते.

"पाय पाण्यात घालायचा नाही, सांगितलंय."

"प्लास्टिकची पिशवी बांधतो."

"पिशवीनं थंडी जाते का? भावाचा हिस्सा येतोय. मी आहे. नका जाऊ."

"तिथं मला कुणाला इचारावं लागत न्हाई," ते म्हणाले आणि ट्यूबमध्ये हवा भरायला सायकलवाल्याकडं गेले.

दिवाळीपर्यंत ते जात राहिले. थंडीत दोन बोटं काळी झाली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आधी बोटं काढली; ते भरलं नाही, मग गुडघ्याखालून पाय काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाचं विचारलं नाही. धरण किती उतरलं, ते विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या शेतावर पुन्हा पाणी आलं. नियमाप्रमाणे ते आमचं होतं आणि दुसरं कुणी तिथं जाळं टाकणार नव्हतं. अंगणवाडीला जायच्या आधी मला दोन तास मिळत होते. मी लुगडं वर खोचलं, ट्यूबमध्ये बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी फार गार होतं. मालक कुबडी मांडीवर आडवी घेऊन काठावरच्या दगडावर बसले होते. मला फळ्या मारता येत नव्हत्या, ट्यूब नुसती जागेवर फिरत होती.

"उजवीकडं नको!" ते ओरडले. "आपला आंबा हाय तिथं खाली. जाळं अडकंल."