तक्रारीसाठी पाच दाबा

विश्रांतवाडीच्या ‘सुमुख’ सोसायटीत देवस्थळींचा फोन वाजला की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं, आणि कुसुमताई काय बोलल्या ते पार्किंगमधल्या रखवालदारालाही. त्यामुळे सोसायटीत कुणी चोरून ऐकत नसे. गरजच नव्हती.

फोन तारेचा, लाल. रिसीव्हरची गुंडाळीची वायर ओढून ओढून इतकी सरळ झालेली की थेट गॅसपर्यंत पोचायची. वायर पोचेल तिथवर कुसुमताईंचं जग. वीसएक वर्षं त्यांनी फराळाचा धंदा ह्याच टापूत केला. हातात झारा, मान वाकडी करून खांद्यावर रिसीव्हर आणि तोंडाने गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी. लोक लाडवांसाठी फोन करायचे आणि सुनेची गाऱ्हाणी सांगून ठेवायचे. सोसायटीचा बातम्यांचा साठा कधी संपला नाही, तो ह्या फोनच्याच जिवावर.

यंदा मात्र ताई कात्रीत सापडल्या. मुलगी स्वराली इंदूरला. पहिलं बाळंतपण, रीतीने माहेरी यायची, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. म्हणजे माहेरानेच उठून इंदूर गाठायचं. आणि बाळ येणार कधी, तर ऐन दिवाळीच्या तोंडावर, वर्षाची निम्मी कमाई फोनवरून येते तेव्हा.

“आई, तू येशील ना?” स्वराली विचारायची.

“बघू,” ताई म्हणायच्या आणि पटकन मेथी खाल्लीस का, हे विचारायच्या. हे ‘बघू’ लेकीला बरोबर कळायचं.

तळणाच्या घाण्याची काळजी नव्हती. कळस गावातली प्रेमला इतकी वर्षं हाताखाली होती. ती म्हणाली, “ताई, तुमी खुशाल जावा. चकली काय माज्या हातची मोडत न्हाई. पर त्यो फोन काय मला जमायचा न्हाई. लोकं लई भांडत्यात.”

राहता राहिले यजमान. दीनानाथराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उभी नोकरी तक्रार विभागात. तिथली सवय अशी हाडीमाशी खिळली होती की घरचा फोनही ते “बोला, काय बिघाड आहे?” असंच म्हणून उचलत. एका बाईंनी बिचकत “चिवडा…” म्हटलं, तर ह्यांचा प्रश्न, “चिवड्यात काय बिघाड आहे?” बाईंनी त्या वर्षी चिवडा दुसरीकडून घेतला.

तशात सोसायटीबाहेरचा रस्ता खणला. यंदाची ही तिसरी खेप. फोन मेला. फोन कंपनीचा माणूस आला, तो तार जोडायला नव्हे, तर सांगायला, की आता तांब्याची तार काही जोडत नाही. नंबर तोच ठेवून इंटरनेटवर घ्या.

“आवाज इंटरनेटवरून जाणार?” दीनानाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे तुकडे करून पाठवणार आणि तिकडे जोडणार. जोडताना एखादा तुकडा राहिला तर? ‘लाडू नकोत’मधला ‘नकोत’?”

माणूस हातात फॉर्म ठेवून गेला. उत्तर द्यायला आला पुष्कर, समोरच्या फ्लॅटमधला. हडपसरच्या एका कंपनीत तो हेच काम करतो. विश्रांतवाडीहून रोज हडपसर. त्यामुळे तो घरापेक्षा बाइकवरच जास्त राहतो.

“काका, आम्ही हॉस्पिटलं, कारखाने, सगळ्यांचे टेबलांवरचे फोन असेच बदलतोय. मोठ्या फोन कंपन्याच तांबं गुंडाळतायत.”

“गुंडाळतायत म्हणजे भंगारात विकतायत. शुद्ध बोलावं माणसाने.”

“पण काकू,” पुष्कर ताईंकडे वळला, “हा नंबर आता भिंतीला बांधलेला नाही. तुमच्या मोबाइलवर वाजेल. तुम्ही कुठेही असा.”

झारा कढईवर थांबला. “कुठेही म्हणजे?”

“कुठेही.”

“इंदूरला?”

“इंदूर काय, लंडनला वाजेल.”

“लंडनला माझं कोण बाळंत होतंय? इंदूरचं बोल.”

झालं, ठरलं. पण आठवडाभर इथेच चाचणी घ्यायची आणि मग तिकीट. पुष्करने उत्साहाच्या भरात ऑफिसांना असते तशी स्वागताची ध्वनिफीतही बसवायची म्हटलं. आवाज अर्थात ताईंचा. मसुदा दीनानाथरावांचा, आणि तिथेच माशी शिंकली. “नमस्कार, देवस्थळी फराळ. लाडवांसाठी एक दाबा. चकलीसाठी दोन दाबा. चिवड्यासाठी तीन दाबा. अनारशांसाठी चार दाबा. तक्रारीसाठी पाच दाबा.”

“आपल्याकडे तक्रार येते कुठे?” ताई म्हणाल्या.

“सोय नव्हती म्हणून येत नव्हती.”

एक ते चार ताईंच्या मोबाइलवर, पाच दीनानाथरावांच्या. चाचणीच्या पहिल्या सकाळी ताई मुद्दाम खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या, इंदूरला बसल्यासारख्या. ठेवणीतली साडीही नेसल्या होत्या. मोबाइल मांडीवर. सगळ्या खिडक्यांतून सगळं जग बघत होतं.

मोबाइल वाजेना. चुकून वाजला तर भलतंच. दोन किलो अनारसे हवे असणाऱ्या बाई चकलीच्या वाटेने आल्या. एका गृहस्थांनी कळवळून विचारलं, “अहो, मला अर्धा किलोच हवाय. अर्धा कुठे दाबायचा?” मग पुन्हा सामसूम. ताईंचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक गेलं, धंदा बसला आणि इंदूरही राहिलं, हे त्यांनी मनाशी धरलंच. ‘बघू’चं ‘नाही’ कसं करायचं, लेकीला कुठल्या शब्दांत सांगायचं, ह्याची जुळवाजुळव करत त्या जिना चढल्या.

दाराशीच थबकल्या. आत दीनानाथरावांचा मोबाइल कानाला चिकटलेला.

“बोला, काय बिघाड आहे?”

पलीकडे खडकीच्या तुळजाबाई. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत आयुष्य काढलेल्या. त्यांचा आवाज मोबाइलमधून दारापर्यंत आला. “बिघाड तुमच्या डोक्यात! कुसुम म्हणाली लाडवांसाठी एक दाबा. एका किलोत माझं काय होतं? मी पाच दाबले. बेसनाचे. वळणार आहात की नाही?”

दीनानाथरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग सावकाश म्हणाले, “म्हणजे तुम्ही किलो दाबलेत?”

“मग काय दाबायचं असतं?”

तेव्हा उलगडा झाला. लाडू दाबूनच वळतात. त्यात फोनवरची बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. लोक आपापल्या मापाने दाबत होते. दिवाळीत पाच किलोंच्या खाली कोण उतरतो? सगळी विश्रांतवाडी आणि अर्धी खडकी सकाळपासून तक्रार विभागात रांगेत उभी होती.

ताई आत जाऊन फोन काढून घेणार होत्या. पण त्यांनी ऐकलं, आणि पाय उंबऱ्यातच राहिला.

“पाच किलो बेसन. वसुबारसेला तयार. पुन्हा सांगतो, पाच किलो बेसन. आणि…” दीनानाथराव अडखळले. बायको ह्यापुढे काय बोलते हे ते आठवत असावेत. “आणि काय, गुडघा कसा आहे?”

मग तुळजाबाई गुडघ्यावर जे बोलल्या ते दहा मिनिटं पुरलं, आणि दीनानाथरावांनी ते ऐकलं. सगळी नोकरी शिव्या खाण्यात गेलेल्या माणसाकडे फोनवर लोक लाडू मागत होते, आणि लाडू त्याच्याकडे होते. फोन ठेवला तेव्हा स्वारीचे कान लाल झालेले.

ताई आत आल्या. “माझी गिऱ्हाइकं पळवलीत.”

“मी काही नाही केलं. त्यांनी दाबलं.”

ताईंना जरा झोंबलंच. आपल्यावाचून चालतंय हे दिसलं की कुणालाही झोंबतं. पण त्यांनी पदर खोचला आणि समोरच्या दाराकडे बघून हाक मारली, “पुष्कर, ती दाबादाबी काढून टाक! नुसतं वाजू दे, इथे आणि इंदूरला. ज्याला आधी ऐकू येईल तो उचलेल. आणि हो, माझं तिकीट काढ. खिडकीचं.”

ताई गेल्या. फोन दोन्हीकडे वाजू लागला. नवरा-बायकोत उचलण्याची शर्यत लागली. स्वरालीच्या पोटावर हात ठेवून ताई हडपसरच्या एका कचेरीची ऑर्डर घ्यायच्या, आणि विश्रांतवाडीत प्रेमला म्हणायची, “काका, जरा हळू बोला, त्याल उडतंय.”

वसुबारसेच्या सकाळी स्वरालीला मुलगी झाली. जावयांनी कळवलं, फोटो आला, सोसायटीत पेढे वाटून झाले. तरी दीनानाथराव खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी त्यांनी मोबाइलवरून घरच्याच नंबरला फोन लावला. शेजारच्या टेबलावर पुष्करने बसवलेला नवा फोन खणखणू लागला. प्रेमला धावत आली, तर त्यांनी हाताने थांबवलं. “तू उचलू नकोस. इंदूरला उचलू दे.”

इंदूरला उचलला. “देवस्थळी फराळ. बोला.”

“एक तक्रार होती,” दीनानाथराव घसा खाकरून म्हणाले. “नात झाली म्हणे. अजून तिचा आवाज आलेला नाही.”

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला, स्वराली हसली, आणि मग एक नवाकोरा टाहो विश्रांतवाडीच्या आळंदी रस्त्यापर्यंत सगळ्या तुकड्यांनिशी पोचला. एकही तुकडा राहिला नव्हता. राहिला असता, तर दीनानाथरावांनी सांगितलाच असता.

“आला का हो आवाज?” ताईंनी विचारलं.

“आला,” ते म्हणाले, “पण तक्रार इतक्यात बंद करू नका.”