टिकल्यांचा नकाशा आणि केसरबाई

सकाळचे साडेआठ. एका शेगडीवर वरणाला फोडणी, दुसरीवर तवा, आणि ह्यांचा डबा अजून उघडाच. मानसी केसांचा चाप शोधत घरभर फिरत होती. तेवढ्यात दार वाजलं.

"बघ गं कोण आहे, माझे हात कणकेचे आहेत."

मानसीनं दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, "आई, केसरबाई! पण टोपली नाही आहे."

मी तवा उतरवून बाहेर आले. अठरा वर्षांत केसरबाईनं आमचं दार कधी वाजवलं नव्हतं. ती कोपऱ्यावरूनच हाक मारायची, "चिवळ घ्या वो, कवळी मेथी घ्या, सांभार घ्या!" आणि आम्ही बायका चिवळीची पालेभाजी, सांभार म्हणजे कोथिंबीर घ्यायला परात घेऊन फाटकाशी जायचो.

"इतक्या दिवसांनी आलीस, अन् हाकही नाही मारली?" मी विचारलं.

"हाक मारायची नाही म्हणे आता. गेटावरल्या सुखदेवनं सांगतलं. रिकाम्या हातानं जात असशीन त जा म्हणे, पाहुणी म्हणून." ती हसली. "घ्या, आली मी पाहुणी. चहा मांडा."

मी चहा मांडला. मला मात्र हसू आलं नाही, कारण गेटावर 'फेरी बंद' ही पाटी लावायच्या ठरावावर माझीही सही होती.

केसरबाईचं माहेर सौंसरकडचं, सासर आमच्या पांढुर्ण्याबाहेर चार किलोमीटरवर. नवरा नत्थूजी, थोडी संत्र्याची झाडं, आणि विहिरीच्या पाटाकडेला तिचा स्वतःचा अर्ध्या एकराचा तुकडा. त्यात ती भाजी लावायची. एकदा हुरडा खायला म्हणून मी तिच्या शेतात गेले होते. कॉलनीतल्या एकेका घरासाठी लावलेले वाफे दाखवत म्हणाली, "हा भाग्यश्रीताईचा. तिच्या सासऱ्याले साखर आहे, म्हणून कारलं. हा तुमचा. मानसी पालक खात नाही, म्हणून मेथी जास्त. तो पल्याडचा दोन नंबरच्या मास्तरीणबाईचा, त्यांच्याकडं अंबाडीशिवाय चालत नाही."

"अन् जोशीकाकूंचा कोणता?"

"तो कोपऱ्यातला. भावच करत राहतेत, घेत काही नाहीत. तिथं गवत लावलं."

मी तेव्हा पोटभर हसले होते. होमसायन्सची पदवी माझ्याकडे, पण कोणत्या घरात काय शिजतं हे बघून पेरणी करावी असं मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. हसून मी घरी आले आणि विसरले.

मागच्या वर्षी एका संस्थेची मंडळी कॉलनीत आली. आपल्या गावाचं अन्न आपल्या आसपासच पिकावं, लोकांनीच त्याची आखणी करावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं, आजही मला ते चांगलंच वाटतं. शिकलेली म्हणून समितीत मला घेतलं. पहिल्या बैठकीत सभागृहात जमिनीवर गावाचा मोठा नकाशा अंथरला. भाजी जिथून घेता तिथं खूण करायची होती. खडूच्या खुणा पुसल्या जात होत्या, तेव्हा मीच घरून टिकल्यांची पाकिटं आणली. बायकांना फार मजा वाटली. कुणी बाजारात टिकली लावली, कुणी स्टेशनजवळच्या दुकानावर, कुणी ठोक व्यापाऱ्याच्या गाळ्यावर. बाजार तर लालेलाल झाला.

केसरबाईची टिकली कुणीच लावली नाही. ती तर दारात येते. दारात येणारीसाठी खूण कुठं करायची? स्वतःच्या घरावर? ते आमच्या डोक्यातच आलं नाही. शेतावर लावायची, तर ते शेत पाहिलेली त्या सभागृहात मी एकटी होते.

बैठक सकाळी नऊची होती. कामवाली येण्याआधी आटपावं म्हणून वेळ मीच सुचवली होती.

दुसऱ्या दिवशी केसरबाई फाटकाशी येऊन भांडली. "काल कुठं मेली होती सगळी कॉलनी? दारादाराले कुलूप. बारा वाजेपर्यंत उन्हात फिरली मी. चिवळ पार मान टाकून बसली."

"अगं, भाजीवाल्यांसाठीच तर मीटिंग होती," मी म्हणाले.

"हो का? मंग मी कुठं होतो?"

आम्ही दोघीही हसलो. आज वाटतं, तेव्हाच थांबायला हवं होतं.

पुढचं सगळं नकाशावरूनच ठरलं. सभागृहाच्या ओसरीत भाजीघर झालं, आठ ओटे बांधले. ज्यांच्या जागेवर टिकल्या जास्त, त्यांना ओटे. गर्दी नको, कचरा नको म्हणून कॉलनीत फेरी बंद, अशी पाटी गेटावर लागली. संस्थेचं काम संपलं, मंडळी दुसऱ्या गावी गेली, समिती मोडली. वीस किलोमीटरच्या आतली भाजी मिळायची होती. आता ओट्यांवर बहुतेक नागपूरच्या गाडीचेच टमाटे असतात. भाग्यश्रीचे सासरे कारल्याची चौकशी करतात, ती म्हणते, "उषाताई, आता त्यांना काय सांगू?"

केसरबाईनं बशीतला चहा संपवला. "आमच्या धन्यानं वाफे मोडले," ती म्हणाली. "संत्र्याची रोपं लावून राहिले. बरं आहे. संत्र्याले कोणाच्या घरी काय खातेत ते ध्यानात ठेवा लागत नाही."

"सगळे मोडले?"

"दोन ठेवले मी. भांडून ठेवले." मग एकदम म्हणाली, "तो नकाशा आहे का तुमच्यापाशी? पाहू द्या मले."

कपाटावरून गुंडाळी काढून मी जमिनीवर पसरली. तिला वाचता येत नाही. पण रेल्वेचा रूळ तिनं लगेच ओळखला, मग नाला, मग नाल्याकाठची वाट. बोट सरकत सरकत एका कोऱ्या जागी थांबलं.

"हे माझं वावर. इथं काहीच नाही."

मी आरशाजवळ गेले, चिकटवून ठेवलेली एक टिकली काढली आणि त्या जागी लावायला वाकले. तिनं माझा हात धरला.

"आता कायले, मानसीची आई?"

"चूक माझी आहे, केसरबाई. मला माहीत होतं तुझं शेत. वेळही मीच ठरवली होती."

"मले माहीत आहे. सुखदेवनं सांगतलं." आवाजात राग नव्हता; असता तर जास्त बरं वाटलं असतं. तिनं कप न्हाणीत नेऊन विसळला, पालथा घातला. "मी भांडाले नाही आली. दोन वाफे राहिले, ते तरी टिकावे म्हणून आली. एक सांगतो, तेवढं करा."

"बोल ना."

"पुन्हा कधी मीटिंग ठेवसान, त दुपारी दोन वाजता ठेवजा. तवा मी मोकळी असतो."