परात चाटणारं कुत्रं

त्या दुष्काळात आमच्या महिला दूध सोसायटीत सगळं होतं. चेअरमन मी, सेक्रेटरी माझी थोरली जाऊ, दुधाची मापं, भिंतीवर फळा. दूध तेवढं नव्हतं. गावातली जनावरं नांदूरघाटच्या वाटेवर चारा छावणीत, त्यांच्यामागे माणसंही तिकडेच. मग आम्ही रिकाम्या खोलीत पावाची भट्टी घातली आणि छावणीला पाव, कधीमधी केकही पुरवू लागलो.

मैदा रोज मळायचा, पण परात घासायला पाणी कुठलं? टँकर यायचा तीन दिवसांनी. उपाय मी काढला, मोठ्या ऐटीत. शेवटची भाकरी कुत्र्याची असते, मग शेवटचं पीठही त्याचंच! जावेचं काळं कुत्रं परात चाटून आरसा करायचं. वरून राख फिरवली की काम संपलं.

एके दिवशी उन्हानं पीठ जास्तच फुगून आंबलं. पुन्हा मळायचं बळ दोघींच्याही हातात नव्हतं. अख्खा गोळा परातीतच कुत्र्यासाठी सोडला.

दुपारी कुत्र्याचं पोट नगाऱ्यासारखं. पाय पायात अडकत होते.

"कुठं लावून आलं रं हे?" सोसायटीच्या ओट्यावरचा एक जण म्हणाला.

"आपल्याला पाणी न्हाई, ह्याला दारू हाय!" दुसरा म्हणाला.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. मग ते जावेच्या पायाशी कोसळलं. पोरं-सुना ऊसतोडीला गेल्यापासून तिच्या घरात तेवढंच एक हलतं-बोलतं होतं. ती खाली बसली आणि माझं हसू तिथंच थांबलं.

छावणीतून जनावरांचे डॉक्टर आले. "खमिराचं कच्चं पीठ खाल्लंय? पोटाच्या उबेत ते फुगत राहतं, त्याची दारूही होते. ओट्यावरची मंडळी खरंच बोलली. गार पाणी आणा, पोट धुवायचंय."

सगळे जमिनीकडे बघू लागले. टँकर परवा येणार होता.

"माझा रांजण हाय," जाऊ म्हणाली.

नळी आत गेली. तांब्यामागून तांब्या रिकामा होत होता. उतारा म्हणून काही देता येईल का, जाऊ भट्टीतला एकेक डबा आणून विचारत होती.

"डाक्टर, मनुका?"

"अजिबात नाही. मूत्रपिंडं जातात."

"केकातला कोको?"

"तो विषच."

"सोडा?"

"तोही नको."

"मंग ह्या खोलीतलं कुत्र्याला चालतं तरी काय?"

"तुम्ही दोघी," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले.

दिवस मावळताना कुत्रं उठून भिंतीला टेकलं. रांजणाच्या तळाशी ओल तेवढी उरली होती. टँकर येईतो जाऊ माझ्या घागरीतलं घोट घोट पाणी प्याली.

ठरल्या दिवशी टँकर आला. पहिला तांब्या तिनं घासायला सरळ परातीत ओतला.

"बाई, आख्खा तांब्या?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

तिनं दुसरी, पिठानं माखलेली परात उचलून माझ्यापुढे धरली. "पाणी वाचवायचंय ना चेअरमनबाई? चाटा मग तुमी."