सुकलालआप्पांचा कोंडवाडा

सुकलालआप्पांना कोणतीही गोष्ट सांगा, ती संपायच्या आत त्यांचा प्रश्न यायचाच, "ते ठीक शे, पन नुकसान कोनं जयं?" टीव्हीवरच्या मालिकेतल्या लग्नाबद्दलसुद्धा त्यांनी तो विचारला होता.

कोसाडच्या वस्तीत आमची त्यांची भिंत एकच. आप्पा आधी खानदेशात गावची गुरं राखायचे, नंतरचं सगळं आयुष्य इथे कापडाच्या लूमवर गेलं. त्या खडखडाटाने कान गेलेले, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलणं. मी पीएच.डी. करत होते. विषय, स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत सुरू केलेलं पशुपालन. "गुरांवर पीएच.डी.?" म्हणून सगळे हसले. आप्पा मात्र खुर्ची ओढून बसले. या विषयातले गल्लीतले जाणकार आपणच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

मार्गदर्शकांनी प्रबंध परत केला. "यात नवीन काय? सहा महिने देतो, नाहीतर विषय सोडा." मी रडकुंडीला आले.

"लिखेल काय शे ते तरी सांग, माय," आप्पा म्हणाले. मी ओरडून सांगितलं, स्पॅनिशांनी जहाजातून गाई नेल्या, रानात मोकळ्या सोडल्या, त्यांची हजारो झाली, मालक ओळखू यावा म्हणून डाग दिले.

"तठे कोंडवाडा व्हता का?"

मला हसू आलं. आप्पा हसले नाहीत. लहानपणी ते राखत असलेली गुरं एका एकट्या बाईच्या ज्वारीत शिरली होती. लोकांनी गुरं कोंडवाड्यात डांबली, मालकांनी दंड भरून सोडवून नेली. "ढोरं सुटनात. तिनी ज्वारी परत उनी का?" मग म्हणाले, "ढोर कोनं शे ते डागवरथीन समजस. वावर कोनं व्हतं, ते तू लिखंच नहीं."

शेत कुणाचं होतं, ते खरंच लिहिलं नव्हतं. प्रबंधासाठी वापरलेले त्या काळचे कागद पुन्हा काढले. मक्याची शेतं तुडवल्याच्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या तक्रारी त्यात होत्या आणि मी त्या ओलांडून डागांची चित्रं बघत बसले होते. प्रबंध नव्याने लिहिला. तोंडी परीक्षेत विचारलं, "हा प्रश्न कुठे सुचला?" मी ताठ मानेने म्हणाले, "कोसाडला, शेजारी."

पेढे घेऊन पहिली गेले ती आप्पांकडे. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "त्या मक्कावालास्ना वावरं परत भेटनात का?"

"बहुतेकांना नाही, आप्पा."

त्यांनी पेढा डब्यात परत ठेवला. "मंग आखो लिख, माय, आजून बाकी शे. मी मंग खासू."

आप्पा मागच्या उन्हाळ्यात गेले. मला त्यांची फार आठवण येते. पुस्तक लिहायला घेतलंय, आणि या वेळी सुरुवात वावरांपासून केली आहे.